मोडलेले लग्न इंग्रजीत कसे सांगावे: आयेल्ट्सच्या तयारीचे नऊ महिने

नागपुरातील एका महिला सहायता केंद्रात मी गेली अकरा वर्षे समुपदेशक म्हणून काम करते. न पटणारे नवरा-बायको, एका भिंतीपलीकडे राहूनही एकमेकांचे तोंड न पाहणारे सख्खे भाऊ, लेकीला माहेरी ठेवून घ्यायचे की परत पाठवायचे या पेचात सापडलेली आई, अशा माणसांशी मी मराठीत, वऱ्हाडीत आणि गरज पडल्यास हिंदीत दिवसभर बोलत असते. मे २०२४ मध्ये परदेशातील एका विद्यापीठात समुपदेशनाच्या एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज करायचे ठरवले, तेव्हा आयेल्ट्स ही इंग्रजी भाषेची परीक्षा द्यावी लागणार हे कळले. ऐकणे, वाचन, लेखन आणि बोलणे या चार विभागांत मिळून एकूण ७ बँड (या परीक्षेतले गुण) आणि कोणत्याही विभागात ६.५ पेक्षा कमी नको, अशी अट होती. मी ज्या विषयावर रोज बोलते, त्याच विषयावर इंग्रजीत बोलताना अडेन असे मला तेव्हा वाटले नव्हते. मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि या वाटेवर निघालेल्या कोणाला उपयोग होईल म्हणून सगळे क्रमाने लिहीत आहे.

सुरुवात पासपोर्टपासून झाली. भारतात या परीक्षेसाठी ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो, आणि माझा पासपोर्ट माहेरच्या नावाचा असून त्याची मुदतही संपलेली होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात नावात बदलासह पुनर्वितरणाचा अर्ज ऑनलाइन भरला, साध्या प्रक्रियेचे १,५०० रुपये शुल्क भरले आणि ठरल्या दिवशी विवाह नोंदणी प्रमाणपत्र, आधार कार्ड व जुना पासपोर्ट घेऊन पासपोर्ट सेवा केंद्रात गेले. पोलीस पडताळणी होऊन नवा पासपोर्ट हातात यायला मला पाच आठवडे लागले. माझ्या पदवीवर माहेरचे नाव आहे, त्यामुळे विद्यापीठासाठी विवाह प्रमाणपत्राची प्रत पुढेही लागणार होती, म्हणून तिच्या चार साक्षांकित प्रती तेव्हाच करून ठेवल्या. परीक्षेची नोंदणी करताना नाव पासपोर्टवर आहे तसे, अक्षरन्‌अक्षर जुळवून लिहावे. परीक्षेच्या दिवशीही तोच मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो, छायाप्रत चालत नाही.

जुलैअखेर बर्डीवरील एका शिकवणी वर्गात नाव घातले. सहा आठवड्यांचे १२,००० रुपये. संध्याकाळी केंद्रातून सुटून वासुदेवनगरहून मेट्रोने सीताबर्डीला जायचे आणि रात्री साडेआठला परतायचे, असा क्रम होता. वर्गात ऐकणे आणि वाचन या विभागांची तयारी चांगली झाली. बोलण्याच्या विभागासाठी मात्र चाळीस पानांची एक यादी हाती पडली, तिच्यावर ‘उच्च दर्जाचे शब्दप्रयोग’ असे लिहिलेले होते आणि ती पाठ करायची होती. कुटुंब आणि मैत्री या विषयांवरच सत्तरेक वाक्प्रचार होते. ‘थ्रू थिक अँड थिन’, ‘गेट ऑन लाइक अ हाउस ऑन फायर’, ‘ब्लड इज थिकर दॅन वॉटर’ आणि असेच आणखी. मी ते सगळे मेट्रोत बसून पाठ केले.

परीक्षा सप्टेंबरमध्ये झाली. शुल्क सतरा हजारांच्या घरात होते. संगणकावरील परीक्षा सकाळी आणि मौखिक परीक्षा त्याच दिवशी दुपारी, असा दिवस मिळाला. मौखिक परीक्षा आधीच्या किंवा नंतरच्या सात दिवसांत वेगळीही असू शकते, त्यामुळे रजा टाकण्यापूर्वी दोन्ही वेळा पाहून घ्याव्यात. मौखिक परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. तिच्या दुसऱ्या भागात एक चिठ्ठी मिळते, विचार करायला एक मिनिट आणि बोलायला दोन मिनिटांपर्यंत वेळ मिळतो. मला एका व्यक्तीविषयी बोलायचे होते. मी माझ्या थोरल्या जावेविषयी बोलले आणि दोन मिनिटांत पाठ केलेले पाच वाक्प्रचार वापरले. त्यानंतर परीक्षकांनी साधा प्रश्न विचारला की माणसे मोठी झाल्यावर लहानपणीच्या मैत्रिणींपासून दूर का जातात. याचे उत्तर मला मराठीत अर्धा तास देता आले असते. इंग्रजीत मी ‘देअर रिलेशन बिकम्स वीक’ एवढेच म्हणाले आणि थांबले. ती शांतता मला अजून आठवते.

निकाल पाच दिवसांच्या आत आला. ऐकणे ७.५, वाचन ७, लेखन ६, बोलणे ६, एकूण ६.५. परीक्षेच्या दिवसापासून सहा आठवड्यांच्या आत फेरतपासणी मागता येते आणि बँड बदलल्यास तिचे शुल्क परत मिळते. दोन रात्री मी त्याचा विचार केला. पण ती शांतता माझ्या लक्षात होती, त्यामुळे ६ हा आकडा बरोबर आहे हे मला ठाऊक होते.

मग मी पहिल्यांदा गुणांकनाचे निकष स्वतः वाचले. ते संकेतस्थळावर मोफत मिळतात आणि कोणत्याही शिकवणीआधी ते वाचावेत असे मी आग्रहाने सांगेन. बोलण्याचे गुण चार बाबींवर सारख्याच प्रमाणात दिले जातात: ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. शब्दसंपत्तीच्या ७ बँडच्या वर्णनात ‘कोलोकेशन’ची जाण दिसली पाहिजे असे लिहिलेले आहे. त्या वर्णनात काही शब्द चुकीचे निवडले जातील हेही गृहीत धरले आहे, आणि ते वाचून मला बराच धीर आला. कोलोकेशन म्हणजे शब्दांची ठरलेली संगत. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये म्हटले होते की शब्द ओळखावा तो त्याच्या संगतीवरून. माणसांबद्दल आपण हे लहानपणापासून ऐकतो, शब्दांबद्दल मी ते तोवर ऐकले नव्हते.

आमच्या वस्तीत एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका राहतात. सगळे त्यांना मॅडमच म्हणतात. दिवाळीच्या फराळाचे ताट घेऊन गेले तेव्हा त्यांना निकाल सांगितला. त्या चहा करत होत्या. म्हणाल्या, “चहा कडक, ऊन कडक, पण थंडी कशी असते?” मी म्हटले, कडाक्याची. “भांडण?” तेही कडाक्याचे. “आणि पाऊस?” मुसळधार. “हे तुला कोणी यादी देऊन शिकवलं का गं? मग इंग्रजीत काहून यादीच्या मागे लागलीस?” इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’ असतो आणि पाऊस ‘हेवी’ असतो, ते दोन शब्द अदलाबदल करून चालत नाहीत, आणि का चालत नाहीत याला उत्तर नाही. त्यांनी मला आठवड्यातून दोन दिवस, मंगळवारी आणि शनिवारी सकाळी सातला, बोलवायचे कबूल केले. पैसे घेणार नाही, पण यायचे ते तयारी करून, एवढी त्यांची अट होती.

तयारी म्हणजे दोनशे पानी वही. डाव्या पानावर मराठीत एक प्रसंग लिहायचा, उजव्या पानावर तो इंग्रजीत बोलून पाहून त्यातल्या शब्दजोड्या उतरवायच्या. येथे एक पथ्य मी पहिल्या दिवसापासून पाळले. केंद्रात येणाऱ्या कोणत्याही बाईची गोष्ट, नाव बदलूनसुद्धा, त्या वहीत लिहिली नाही. सगळे प्रसंग माझ्या घरातले, माहेरचे आणि सासरचे होते.

पहिल्याच शनिवारी मी माझ्या मामेबहिणीची गोष्ट सांगितली. तिचे ठरलेले लग्न आठ दिवस आधी मोडले होते, पत्रिका वाटून झाल्या होत्या, काटोलचा सगळा गोतावळा हादरला होता. मी म्हणाले, ‘माय कझिन्स मॅरेज ब्रोक.’ मॅडमनी गंभीरपणे विचारले, “मग मुलं कोणाकडे राहिली?” माझ्या वाक्यावरून त्यांना घटस्फोटच ऐकू आला होता. त्या एका चुकीने मला पुढचे तीन आठवडे पुरतील एवढे काम दिले. मराठीत लग्न हा शब्द समारंभासाठीही आहे आणि त्यानंतरच्या आयुष्यासाठीही आहे. इंग्रजीत समारंभ ‘वेडिंग’ आहे आणि आयुष्य ‘मॅरेज’ आहे. मराठीत सोयरीक मोडते, साखरपुडा मोडतो, लग्न मोडते आणि संसारही मोडतो, एकच क्रियापद सगळीकडे धावून येते. इंग्रजीत साखरपुडा मोडला तर ‘ब्रेक ऑफ अ‍ॅन एंगेजमेंट’, ठरलेला समारंभ रद्द केला तर ‘कॉल ऑफ द वेडिंग’, आणि वर्षांनुवर्षे चाललेला संसार मोडला तर ‘द मॅरेज ब्रोक डाउन’. पहिल्या दोन ठिकाणी कोणीतरी निर्णय घेतलेला आहे, तिसऱ्या ठिकाणी गाडी वाटेत बंद पडावी तसे लग्नच बंद पडले आहे. हे लिहिताना मला जाणवले की केंद्रात मी रोज हाच फरक समजून घेण्यासाठी प्रश्न विचारत असते, कोणी मोडले की मोडत गेले, आणि तरी मराठीत मला तो वेगळ्या शब्दांत पकडावा लागतो.

दुसरा शब्द ‘रिलेशन’ होता. ‘आय हॅव गुड रिलेशन विथ माय सिस्टर’ असे मी आयुष्यभर म्हणत आले होते. दोन माणसांतील जिव्हाळ्यासाठी ‘रिलेशनशिप’ लागतो, ‘रिलेशन्स’ हे अनेकवचन बहुधा देशांच्या, संस्थांच्या किंवा समाजांच्या संबंधांसाठी येते, आणि बहिणीशी पटते एवढेच सांगायचे असेल तर ‘वी गेट ऑन वेल’ पुरते. नात्यांची नावेही पुन्हा शिकावी लागली. नणंद, जाऊ, वहिनी, मेहुणी या चौघी इंग्रजीत एकाच ‘सिस्टर-इन-लॉ’त बसतात, म्हणून जावेबद्दल बोलताना ती माझ्या नवऱ्याच्या भावाची बायको आहे हे एकदा सांगून टाकायचे आणि पुढे चालायचे. मामेबहिणीसाठी ‘अ कझिन ऑन माय मदर्स साइड’ ही सोपी जोडी मिळाली, आणि आतेभावासाठी तिच्यातली आई काढून वडील घातले की झाले.

सर्वांत जास्त दिवस गेले ते ‘अबोला’ या शब्दावर. तो धरला जातो, तो सोडवावा लागतो, तो प्रेमातलाही असतो आणि वैरातलाही असतो. माझी आई आणि मावशी यांच्यात शेताच्या बांधावरून चार वर्षे अबोला होता, त्यासाठी ‘दे वेअर नॉट ऑन स्पीकिंग टर्म्स’ अगदी चपखल आहे. पण माझी लेक रागावून संध्याकाळभर बोलत नाही, त्याला ते लावले तर फार मोठे होते. ‘गिव्ह समवन द सायलेंट ट्रीटमेंट’ असा एक प्रयोग आहे, मात्र त्यात समोरच्याला शिक्षा देण्याचा भाव आहे आणि बोलणाऱ्याची तक्रारही आहे. आपल्या रुसव्यात मनधरणीची जी अपेक्षा दडलेली असते, ती या दोन्हींत नाही. मॅडम म्हणाल्या, “असं असेल तेव्हा दोन वाक्यं बोल. शब्द नाही म्हणून गप्प बसू नकोस.” दुसऱ्या परीक्षेत मला सर्वांत उपयोगी पडलेला सल्ला हाच होता.

काही जोड्या मात्र आपल्या घरातल्यासारख्या निघाल्या, आणि त्या सापडल्या की मी त्यांच्यापुढे लाल शाईने खूण करत असे. आपण डूख धरतो, इंग्रज माणूसही ‘ग्रज’ ‘होल्ड’ करतो. आपले संबंध ताणले जातात, त्यांचे ‘स्ट्रेन्ड’ होतात. आपल्याकडे संबंधांत कटुता येते, त्यांच्याकडे घटस्फोट ‘बिटर’ असतो. दूरचे नातेवाईक दोन्हीकडे दूरचेच आहेत. एकमेकांना धरून असलेल्या कुटुंबाला ते ‘क्लोज-निट’ म्हणतात, म्हणजे घट्ट विणलेले, आणि आपणही नात्यांची वीण म्हणतो. अशा जोड्या एकदा ऐकल्या की विसरत नाहीत. न जुळणाऱ्या जोड्यांना वेगळी वागणूक द्यावी लागते. लग्न मोडायच्या बेतात आहे या अर्थाच्या ‘द मॅरेज इज ऑन द रॉक्स’ मधला खडक हा जहाज आदळते तो खडक आहे, हे कळेपर्यंत तो प्रयोग माझ्या डोक्यात बसला नाही.

डिसेंबरमध्ये मॅडमनी मला ‘कॉर्पस’ म्हणजे भाषेच्या नमुन्यांचे संग्रह पाहायला शिकवले. खऱ्या लेखनातून आणि बोलण्यातून गोळा केलेले असे मोठे संग्रह इंटरनेटवर शोधता येतात. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस १० कोटी शब्दांचा आहे, अमेरिकी इंग्रजीचा कोका हा संग्रह १०० कोटींहून अधिक शब्दांचा आहे, आणि नोंदणी करून दोन्हींत मोफत शोध घेता येतो, फक्त दिवसाला किती शोध घ्यायचे यावर मर्यादा असते. मी ‘फ्रेंडशिप’ टाकून त्याच्या आधी कोणती क्रियापदे येतात ते पाहत असे. ‘स्ट्राइक अप अ फ्रेंडशिप’ हे प्रवासात किंवा रांगेत सहज जमलेल्या मैत्रीसाठी दिसले, ‘फॉर्म’ आणि ‘डेव्हलप’ हे हळूहळू जमलेल्या मैत्रीसाठी. शिकवणीच्या यादीत या तिन्हींपुढे एकच मराठी अर्थ लिहिलेला होता. ज्यांच्याजवळ शिक्षक नाही त्यांनी रोज एक शब्द घेऊन त्याची वीस उदाहरणे वाचावीत. त्यास पंधरा मिनिटे लागतात.

परीक्षकांसमोर अडलेला तो प्रश्नही मी वहीत पुन्हा घेतला. मैत्रिणी दूर जातात त्याचे प्रकार मराठीत आधी लिहून काढले: बिनसले, दुरावा आला, संपर्क तुटला. भांडून बिनसले तर ‘फॉल आउट’, भांडण न होता दुरावा आला तर ‘ड्रिफ्ट अपार्ट’, पत्ता आणि फोन नंबर बदलत जाऊन गाठच उरली नाही तर ‘लूज टच’. तीन शब्द हाती आल्यावर उत्तरही तीन कारणांचे झाले. शब्द वाढले म्हणून विचार वाढला नव्हता, विचार आधीच होता. संक्रांतीला लेकीला मी इंग्रजीत सांगितले की तिळगूळ देऊन लोक ‘पॅच थिंग्ज अप’ करतात, म्हणजे बिनसलेले मिटवतात, आणि तिने मला त्याच अर्थाचे ‘मेक अप विथ’ हे तिच्या शाळेत मुले वापरतात ते शिकवले.

दरम्यान लेखनासाठी रविवारी संगणकावर घड्याळ लावून दोन उत्तरे लिहीत होते, पहिल्याला वीस मिनिटे आणि दुसऱ्याला चाळीस. त्याविषयी विशेष सांगण्यासारखे नाही, सरावानेच ते सुधारले. जानेवारीत दहा दिवस मात्र मी काहीच केले नाही. केंद्रात काम फार होते आणि रात्री वही उघडली की डोळे मिटत. त्या दिवसांत मला अर्जच मागे घ्यावा असे वाटले होते. नवऱ्याने रोज रात्री भाजी चिरताना एक मराठी वाक्य म्हणायचे आणि मी ते इंग्रजीत सांगायचे, एवढे त्यांनी चालू ठेवले, आणि त्यावर ते दिवस निघाले.

दुसरी परीक्षा फेब्रुवारी २०२५ मध्ये झाली. पुन्हा सतरा हजारांच्या आसपास शुल्क, पुन्हा तोच पासपोर्ट. या वेळी मौखिक परीक्षेचा दिवस वेगळा आणि सकाळचा मिळाला, तो माझ्यासाठी सोयीचा ठरला. मी एका शेजारणीविषयी बोलले. वहीतले कोणते शब्द वापरायचे हे ठरवून गेले नव्हते. ‘ड्रिफ्टेड अपार्ट’ आले, ‘टर्न टू हर फॉर हेल्प’ आले, आणि एका ठिकाणी रुसवा सांगायचा होता तेव्हा नेमका शब्द सापडला नाही, म्हणून मी दोन साधी वाक्ये बोलले. परीक्षकांनी त्यावरच पुढचा प्रश्न विचारला, तुमच्याकडे मग पहिल्यांदा कोण बोलते. मी उत्तर देत राहिले, वेळ संपल्याचे त्यांनीच सांगितले.

निकाल: ऐकणे ७.५, वाचन ७.५, लेखन ६.५, बोलणे ७, एकूण ७. लेखन काठावर आले आहे हे मी जाणते आणि तेथे पुढे त्रास होणार हेही जाणते. पासपोर्ट, शिकवणी आणि दोन परीक्षा मिळून सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस हजार रुपये खर्च झाले. शिकवणीचे १२,००० वाचले असते, पण वेळ पाळून प्रश्नपत्रिका सोडवायची सवय तेथेच लागली. निकाल दोन वर्षे ग्राह्य धरला जातो, म्हणून प्रवेश कधी घ्यायचा हे ठरल्याशिवाय परीक्षेची घाई करू नये.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात गुणपत्रिका विद्यापीठाच्या संकेतस्थळावर चढवली आणि माहेरच्या नावाच्या पदवीसोबत विवाह प्रमाणपत्राची प्रत जोडली. अर्जात नात्याच्या रकान्यासमोर आपत्कालीन संपर्क म्हणून जावेचे नाव लिहिले. दोनशे पानी वहीची छत्तीस पाने कोरी आहेत. शनिवारी सकाळी सातला मी अजून मॅडमकडे जाते, आणि या आठवड्यासाठी डाव्या पानावर ‘माया लावणे’ लिहून ठेवले आहे. उजवे पान अजून रिकामे आहे.